सतरावी बाटली

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी पंप दुरुस्त करणारा माणूस. मोटर बंद पडली की त्याला कारण असतं. एकतर वायर जळलेली असते, नाहीतर वाळू अडकलेली असते. तिसरं काही नसतं.

पण जे घडलं ते घडलं. तेही भरदिवसा. मी शुद्धीत होतो, पोटात दारूचा थेंब नव्हता.

गुरुवार होता. दुपारचे चार. जागा म्हणजे माझ्या मामाची विहीर, गावाबाहेरच्या चढावरची.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. खोटं बोलण्यात मी किती पटाईत आहे, ते पुढे कळेलच.

नावं सांगणार नाही. गावात मला 'पाना' म्हणतात, खिशात कायम पाना असतो म्हणून. मामा 'पान्या' म्हणायचा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून लग्न होईपर्यंत मामाच्याच घरी वाढलो. मामा-मामीला मूलबाळ नाही. जे काही लाड व्हायचे ते माझेच झाले, आणि मारही मीच खाल्ला.

मामाचा धंदा रोपांचा. टोमॅटो, मिरची, फुलकोबी... छोट्या छोट्या ट्रेमध्ये रोपं वाढवायची आणि शेतकऱ्यांना द्यायची. सगळं विहिरीच्या जिवावर. त्या विहिरीचा त्याला भारी गर्व. कुणाच्या लग्नाला गेला तरी पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली असायची. "दुसरीकडचं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही," म्हणायचा. आम्ही हसायचो. मामी म्हणायची, "नवरदेवापेक्षा ह्यांचे नखरे जास्त."

दोन वर्षांपूर्वी गॅसची कंपनी आली.

आमच्या जमिनीखाली खोल खडकात गॅस आहे म्हणे. तो काढायला भोक पाडायचं. गावात त्याला सगळे 'भोक'च म्हणायला लागले. पहिलं भोक मामाच्या चढाच्या पलीकडे ठरलं. त्यावर शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं बसलेली, गुडघे हनुवटीला लागलेले. निम्मं गाव 'हो' म्हणत होतं, निम्मं 'नाही'.

दूधवाला म्हणाला, "जमिनीच्या पोटात गॅस झालाय तर काढू दे की बिचारीला."

सगळे खो खो हसले. मामा नाही हसला.

"भोक पाडायला माणसं येतील," तो म्हणाला. "बुजवायला कोण येणार?"

मला ते भोक हवं होतं. पाइप बसवायचं काम मिळेल असं कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मामा, तुझ्या मिरचीच्या रोपांवर गाव चालत नाही."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग सभेकडे वळून म्हणाला, "ह्याचं डोकं सैल झालंय. कुणीतरी पाना द्या रे, आवळून टाकतो."

पुन्हा सगळा हॉल हसला.

बस्स. एवढंच झालं होतं. एक साधी चेष्टा. पण ती माझ्या डोक्यात गेली.

शेवटी समझोता झाला. भोक पाडायचं, पण त्याआधी गावातल्या प्रत्येक विहिरीचं पाणी तपासून ठेवायचं. त्याला नाव पडलं 'आधीचं पाणी'. पुढे कुणाची विहीर बिघडली तर आधीच्या पाण्याशी ताडून बघायचं. भोकामुळे बिघडली असं दिसलं, तर दुसरं भोक पाडायचं नाही आणि त्या घराला कंपनीने नळाने पाणी द्यायचं. विहिरी सतरा. बाटल्या सतरा.

पाणी भरायला दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस हवा होता.

माझं नाव कुणी सुचवलं माहितीये?

मामाने.

"पान्याला द्या," तो म्हणाला. "माझ्याशी भांडेल, पण पाण्याशी बेइमानी करणार नाही."

लॅबवाल्याने मला पद्धत शिकवली. आधी धुतलेली बादली घ्यायची. विहिरीचं पाणी बादलीत काढायचं. बाटली त्या पाण्यात पूर्ण बुडवून भरायची, आणि झाकणही पाण्याखालीच लावायचं. का, तर आत हवा राहता कामा नये. मग बाटली उलटी धरायची आणि बोटाने काचेवर दोनदा वाजवायचं.

टक्... टक्...

बुडबुडा वर आला तर सगळं ओतून पुन्हा भरायचं. बुडबुडा नसेल तरच चिठ्ठी चिकटवायची. मग फॉर्मवर मालकाची सही घ्यायची.

दोन दिवसांत सोळा विहिरी झाल्या. मामाची शेवटची राहिली. "चारला येतो," असा निरोप मी मामीकडे दिला होता.

सोळावी विहीर होती जुन्या गिरणीमागची. दलदलीच्या कडेला. ते पाणी कुणी पीत नाही. वर्षानुवर्षं त्याला वास येतो, मधूनच बुडबुडे येतात. तिथलं काम संपलं तेव्हा पावणेचार झाले होते. लॅबची गाडी पाचला निघणार होती. चढ चढायचा... मामाचं तोंड बघायचं... तो पुन्हा काहीतरी टोमणा मारणार...

बादली समोर भरलेलीच होती.

मी सतरावी बाटली त्याच बादलीत बुडवली.

सहीचं काय, असं तुम्ही विचाराल. मामाची सही मला दुसरीपासून येते. प्रगतिपुस्तकावर मीच करायचो. एकदा पकडला गेलो, तर मारायचं सोडून मामा म्हणाला होता, "माझ्यापेक्षा बरी काढतोस की रे."

दुसऱ्या दिवशी मामा भेटला. "काल आला नाहीस?"

"आलो होतो की," मी म्हणालो. "तू नव्हतास. पाणी घेऊन गेलो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असेल बाबा. माझा डोळा लागला असेल."

सुटलो, असं वाटलं मला.

भोक पडलं. मला पाइपचं काम मिळालं. मजेत होतो.

आठ महिन्यांनी मामी सकाळी सकाळी वर्कशॉपवर आली. चप्पलही धड घातलेली नव्हती. "अरे, विहीर शिजायला लागलीय."

मी बघायला गेलो. खरंच तसंच दिसत होतं. पाण्यातून बारीक बारीक बुडबुडे वर येत होते. बुड्... बुड्... भाताला आधण ठेवल्यासारखं. पाण्याला खारट चव आली होती. पंधरवड्यात रोपं पिवळी पडली. एक सबंध हंगाम ट्रेमध्येच मेला.

मामाने तक्रार केली. शाळेत पुन्हा सभा भरली. कंपनीचे साहेब चांगले माणूस, आवाज चढवत नाहीत. त्यांनी कागद पुढे केला. "काका, तुमच्या विहिरीत आधीपासूनच गॅस होता. हा बघा रिपोर्ट. आणि हा फॉर्म. खाली सही तुमचीच आहे ना?"

मामाने चष्मा लावला. सहीकडे बराच वेळ बघितलं.

मग वर बघितलं. सरळ माझ्याकडे.

आता बोलणार. आता सगळ्या गावासमोर माझी सालटी काढणार...

"हो," मामा म्हणाला. "सही माझीच आहे."

कागदाची नीट घडी घालून त्याने परत दिला आणि खाली बसला.

तो सगळं ओळखून होता. मला त्याच क्षणी कळलं. तरी मी बाकावरून उठलो नाही. माझी लाज मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

त्यानंतर मामा गावातल्या नळावरून कॅन भरून न्यायचा. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. तो नळ माझ्या वर्कशॉपसमोरच आहे. "काय पान्या, बरं चाललंय ना?" एवढंच विचारायचा. मी मोटर खोलून बसल्याचं सोंग करायचो. मामी सांगायची, "ह्यांना नळाचं पाणी जात नाही रे. दोन घोट घेतात आणि ठेवून देतात."

पाच महिने असेच गेले.

एका दुपारी मामा विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. शेजारी धुतलेली बादली होती. पाणी काढायला गेला असेल, असं सगळे म्हणाले.

ते पाणी तर कशाच्याच उपयोगाचं नव्हतं. मग बादली कशाला... हा प्रश्न कुणाला पडला नाही. मला पडला. मी तो गिळला.

महिनाभराने सुरू झालं.

पहिल्यांदा घरात. फ्रिजमधली बाटली काढायला जावं, तर ती काठोकाठ भरलेली. झाकण उघडलं की पाणी हातावर सांडायचं.

बायको वैतागली. "अहो, इतकी गच्च कोण भरतं? जरा जागा ठेवा की वर."

"मी नाही भरली."

"मग काय भुताने भरली?"

मी हसलो. बाटली उलटी धरून बघितली...

आत एकही बुडबुडा नव्हता.

तुम्ही कधी करून बघा. नळाखाली कितीही भरा, थोडी हवा राहतेच. पाण्यात बुडवून, पाण्याखाली झाकण लावल्याशिवाय अशी बाटली भरता येत नाही. आमच्या गावात ती पद्धत एकट्या मला येत होती.

आणि ज्याने ती माझ्याकडून बघायची होती, त्याला बघायला मिळालीच नव्हती.

मग वर्कशॉपमध्ये आवाज सुरू झाला. रोज दुपारी. मी ग्राइंडर चालवत असायचो, बंद केला की...

टक्... टक्...

काचेवर बोट वाजवल्यासारखा. दोनदाच. पहिल्या दिवशी वाटलं पाल असेल. दुसऱ्या दिवशी खिडकीची काच तपासली. तिसऱ्या दिवशी घड्याळाकडे लक्ष गेलं.

चार वाजले होते.

चौथ्या दिवशी मी पावणेचारलाच शटर ओढून घरी गेलो. हातपाय धुतले, खुर्चीत बसलो. बायको भाजी निवडत होती. रेडिओ चालू होता. मग रेडिओ गप्प झाला... पंखाही थांबला. वीज गेली असेल, म्हणून मी उठलो.

टक्... टक्...

आवाज फ्रिजच्या आतून आला.

"उंदीर शिरला की काय!" बायको म्हणाली. म्हणजे तिनेही ऐकला. मला वेड लागलेलं नव्हतं. खरं सांगतो, वेड लागलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि मग तो गुरुवार आला.

सकाळी वर्कशॉप उघडलं, तर टेबलावर एक बाटली उभी. लॅबची. तशीच जाड काच, तसंच फिरकीचं झाकण, मधोमध रबर बसवलेलं. मी सतराच्या सतरा परत दिल्या होत्या, मोजून. हिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठीवर आकडा होता. सतरा. बाकी सगळं कोरं.

बाटली रिकामी होती.

दिवसभर मी कामाला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं, परत पाठवलं. साडेतीन वाजले तसे माझे पाय आपोआप चालायला लागले, असं मी म्हणणार नाही. मीच चाललो. मला माहीत होतं कुठे जायचंय.

चढावर वारा असतो कायम. त्या दिवशी नव्हता. रोपांच्या शेडची फाटलेली जाळी हलत नव्हती. मामी घरात असेल म्हणून हाक मारावी असं वाटलं, पण तसाच पुढे गेलो.

विहिरीजवळ पोचलो आणि थबकलो.

बुडबुड्यांचा आवाज बंद होता.

वाकून बघितलं. पाणी स्वच्छ... लहानपणी असायचं तसं. तळाचे दगड दिसत होते. त्यात माझंच तोंड दिसलं.

कट्ट्यावर बादली होती. धुतलेली. अजून ओली.

दोर हातात घेतला तर तोही ओला.

मी बादली सोडली. पाणी काढलं. निम्मं सांडलं. बाटली बुडवली, भरू दिली, पाण्याखालीच झाकण लावलं. उलटी धरली. बुडबुडा नव्हता. बोट काचेजवळ नेलं...

तेवढ्यात शेजारी कट्ट्यावर कुणीतरी सरकल्याचा आवाज आला. कापड दगडाला घासतं ना, तसा. माणूस बाजूला सरकून जागा करून देतो, तसा.

मी मान वळवली नाही. आईशप्पथ, वळवली नाही.

माझं बोट हवेतच राहिलं.

आणि बाटलीवर वाजलं...

टक्... टक्...

मी कसा खाली आलो, कुठे आपटलो, काही आठवत नाही. गुडघे सोलवटले होते. बाटली मात्र छातीशी घट्ट धरलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती लॅबवाल्याकडे नेली. त्याने झाकणाच्या रबरातून सुई घालून थेंबभर पाणी काढलं. संध्याकाळी फोन आला.

"हे कुठलं पाणी आणलंय? ह्यात गॅस अजिबात नाही. मीठही नाही."

"चढावरच्या विहिरीचं."

"चेष्टा करता का? तिथलं पाणी मी स्वतः सोमवारी तपासलंय. भरपूर गॅस आहे."

मी पुन्हा चढावर जाऊन आलो, ह्या वेळी दूधवाल्याला सोबत घेऊन. विहीर शिजत होती. बुड्... बुड्... रोजच्यासारखी.

मग माझ्या हातात होतं ते कधीचं पाणी?

त्या रविवारी दुसऱ्या भोकासाठी सभा होती. साहेबांनी रिपोर्ट वाचले. सगळ्या विहिरी आधी होत्या तशाच आहेत, सतरावीसकट. हात वर करा म्हणाले. हात वर जायला लागले. मामी शेवटच्या बाकावर बसली होती, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन.

मी उठलो. गुडघा बाकाला आपटला.

"सतरावी बाटली खोटी आहे," मी म्हणालो. "ती मी गिरणीमागच्या विहिरीवर भरली. सहीसुद्धा मीच केली. मामाच्या विहिरीवर मी गेलोच नव्हतो."

हात खाली आले. दूधवाला एवढंच म्हणाला, "अरे, तुझा सख्खा मामा ना रे तो?"

दुसरं भोक थांबलं. मामीच्या घराला नळ आला. माझं पाइपचं काम गेलं, आणि निम्मं गाव अजून पंप दुरुस्तीला माझ्याकडे येत नाही. ठीक आहे. मी तरी माझ्याकडे आलो असतो का?

पण खरं ओझं वेगळंच आहे.

सभेनंतर मी शाळेच्या फाटकाजवळ मामीच्या पाया पडलो. तिने उठवलं नाही लगेच. मग डोक्यावर हात ठेवला.

"त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी बारापासून बसले होते कट्ट्यावर. बादली तीनदा धुतली. डोळा कसला लागतोय?"

"मग बोलला का नाही मामा?"

"मी म्हटलं, सभेत सांगा. तर माझ्यावरच खेकसले. म्हणाले, पोराला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नाही. आणि मग रोज चारला बादली धुऊन विहिरीवर जाऊन बसायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा. मी विचारायची, आता कशाला? तर म्हणायचे, पान्या येईल. त्याला उशीर होतो, पण तो येतो."

पाच महिने. रोज चार वाजता. आणि मी समोरच्या नळावर त्याला कॅन भरताना बघत होतो.

त्या सभेनंतर टकटक थांबली. घरातल्या बाटल्या साध्या झाल्या, वर जागा असलेल्या.

ती सतरावी बाटली मी फळीवर ठेवलीये. झाकण मी स्वतः पान्याने आवळलंय, कुणाच्या बापाला हाताने उघडता येणार नाही. बाहेरून पेनाने रेघ मारून ठेवली होती, पाण्याच्या पातळीवर.

पहिल्या शुक्रवारी पाणी रेघेच्या जरासं खाली होतं. एका घोटाएवढं.

पुढच्या शुक्रवारी आणखी एक घोट.

दर गुरुवारी जातं. बाटली गळत नाही. फळी कोरडी असते. मी तपासलंय, दहादा तपासलंय. हे माझं कामच आहे.

विहीर अजून शिजतेय. तसं पाणी आता कुठेच नाही. आहे ते एवढंच, ह्या बाटलीत.

आज बघितलं तर तीन घोट उरलेत.